कोकमतेलाची डबी आणि परीक्षणाची वही

मागच्या मे महिन्यात साखळीच्या एका ताईंनी स्कूटरच्या डिकीत राहिलेली लिपबामची डबी माझ्यासमोर आणून ठेवली. झाकण उघडले तेव्हा वर पातळ तेल साचले होते आणि तळाशी रव्यासारखे बारीक दाणे बसले होते. त्यांनी तक्रार केली नाही, "बाय, हे असेच असते काय?" एवढेच विचारले. ती डबी माझ्याच व्यवसायाची होती. तिच्याकडे पाहताना मला माझे एक जुने परीक्षण आठवले. दुसऱ्या एका लहान उत्पादकाच्या लिपबाममध्ये नेमका हाच दोष आढळल्यावर 'निष्काळजीपणे बनवलेले, पैसे वाया' असा निर्वाळा मी त्यात दिला होता. तो देताना मी स्वतः एकही लिपबाम बनवलेला नव्हता, आणि उन्हाळ्यात ती डबी मी कुठे ठेवली होती याची नोंदही केलेली नव्हती.

दुसऱ्यांची प्रसाधने तपासून त्यांविषयी लिहिणे आणि स्वतःची प्रसाधने बनवून विकणे ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीने करावीत का, हा प्रश्न मला तोपर्यंत कधी इतक्या थेटपणे पडला नव्हता. गेली काही वर्षे मी दोन्ही कामे करते आहे. ती करताना स्वतःवर कोणती बंधने घालून घ्यावी लागली आणि ती का घालावी लागली, ते सविस्तर लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

मी गोव्यातल्या डिचोलीत राहते. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत असताना गावातील नाट्यमंडळाच्या रंगभूषेला मी मदत करत असे. आमच्याकडे उत्सवातले मराठी नाटक ही घरचीच गोष्ट असते, आणि कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेच्या दिवसांत तर अर्धा गाव तालमीत गुंतलेला असतो. चेहऱ्यावर लावलेला रंग आरशात एक दिसतो आणि रंगमंचावरील दिव्यांखाली दुसराच दिसतो, हे मी त्या पडद्यामागच्या खोलीत शिकले. पुढे ओळखीपाळखीतून नवरीच्या मेकअपची कामे येऊ लागली. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात, आणि पहाटे चार वाजता पेटी घेऊन निघायचे, असे ते दिवस. होमासमोर दोन-अडीच तास बसलेली नवरी, धुराने पाणावलेले डोळे, दमट हवेत गळ्यावरून ओघळणारा घाम, या सगळ्यांत टिकेल असे फाउंडेशन कोणते आणि न पसरणारे काजळ कोणते, याची उत्तरे जाहिरातींत मिळेनात. म्हणून मी स्वतःच तपासून वहीत लिहू लागले. माझी परीक्षणे त्या वहीतूनच पुढे आली.

वहीत प्रत्येक प्रसाधनाला एक पान असते. कुठून घेतले, किती रुपयांना घेतले, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख, ज्या दिवशी उघडले तो दिवस, त्या दिवसाचे हवामान, आणि ते विकत घेतले की कंपनीने पाठवले, एवढे आधी लिहून झाल्याशिवाय मी झाकण उघडत नाही. फाउंडेशन असेल तर ते हाताच्या पाठीवर लावून पाहण्याची जी पद्धत दुकानात असते, ती मी केव्हाच सोडली. हाताचा आणि चेहऱ्याचा वर्ण क्वचितच जुळतो. जबड्याच्या कडेला लावून, दुकानातून बाहेर उजेडात येऊन, तासाभराने पुन्हा पाहायचे, कारण पुष्कळ फाउंडेशने त्वचेवरील तेलाशी आणि हवेशी संपर्क आल्यावर काही वेळाने गडद होतात. त्यानंतर डिचोलीहून पणजीपर्यंत कदंबच्या बसचा प्रवास, तोही शक्यतो दुपारचा. खिडकीतून गरम वारा, रुमालाने टिपलेला घाम, उतरल्यावर मांडवीच्या काठाने थोडे चालणे, आणि आठ तासांनी त्याच उजेडात काढलेले दुसरे छायाचित्र. हे सगळे मी पंख्याखालच्या खोलीत बसून करू शकले असते, परंतु माझ्या नवऱ्या वातानुकूलित खोलीत बसून लग्न करत नाहीत.

आमच्या तालुक्याविषयी इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. डिचोली हा खाणींचा भाग आहे. खनिजाचे ट्रक चालू असले की लाल धूळ अंगणातल्या तुळशीच्या पानांपर्यंत येऊन बसते. ती धूळ प्रामुख्याने हेमॅटाइटची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची. फाउंडेशनला तांबूस, पिवळसर आणि काळसर छटा देणारी रंगद्रव्येही लोहाची ऑक्साइडेच असतात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की प्रसाधनांत वापरायची ऑक्साइडे कारखान्यात नियंत्रित पद्धतीने तयार केलेली असतात, कारण जमिनीतून काढलेल्या रंगीत मातीत शिसे आणि आर्सेनिक यांसारख्या धातूंचा अंश राहू शकतो. त्यामुळे 'आमच्या लिपस्टिकमध्ये थेट मातीतला नैसर्गिक रंग आहे' असे कोणी अभिमानाने सांगितले, तर तो रंग कोणत्या प्रयोगशाळेने तपासला, हा माझा पहिला प्रश्न असतो.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज गोव्यात तरी टिकायला नको होता. काजूच्या हंगामात ज्यांनी बिया भाजल्या आहेत, त्यांना टरफलातले तेल हातावर उडाल्यावर कातडी कशी करपते आणि सोलून निघते ते ठाऊक असते. काजू, बिब्बा आणि आंबा ही एकाच कुळातली झाडे. मानकुराद आंब्याचा चीक ओठाच्या कडेला लागून फोड आलेले मूल प्रत्येक वाड्यावर सापडते. लिंबाचेही तसेच आहे. लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळून उन्हात जाणाऱ्या मुली मला अजूनही भेटतात. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखा दाह होतो आणि मागे राहिलेले काळे डाग जायला कित्येक आठवडे लागतात. याच कारणाने लिंबाचे किंवा बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाचे सुगंधी तेल घातलेले दिवसा लावायचे मलम माझ्याकडे परीक्षणाला आले, तर ते तेल कोणत्या पद्धतीने काढले आहे हे कळल्याशिवाय मी ते चेहऱ्याला लावत नाही. साल दाबून काढलेल्या तेलात ही द्रव्ये असतात, वाफेवर काढलेल्या तेलात ती जवळजवळ नसतात.

मेकअपचे परीक्षण एका दिवसात होऊ शकते, परंतु त्वचेच्या निगेच्या प्रसाधनांचे होत नाही, हे मला उशिरा उमगले. तरुण त्वचेत वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात आणि वयाबरोबर तो काळ वाढत जातो. मग तिसऱ्या दिवशी 'डाग फिके झाले' असे कोणी लिहिले असेल, तर ते प्रकाशामुळे असेल, कॅमेऱ्यामुळे असेल किंवा त्वचेत ओलावा आल्यामुळे असेल. माझ्या वहीत अशा प्रसाधनाला निदान आठ आठवडे दिलेले असतात, आणि त्या काळात दुसरे कोणतेही नवे प्रसाधन मी सुरू करत नाही. दोन एकदम सुरू केली तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे ठरवता येत नाही. त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, दिवसातून दोनदा असे आठवडाभर लावून पाहते. एका रात्रीत काहीच झाले नाही म्हणून चेहऱ्यावर लावणे घाईचे ठरते, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया पुष्कळदा दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसते.

गोव्याच्या हवेचा प्रश्न वेगळाच आहे. व्हिटॅमिन सीचे सीरम, म्हणजे त्यातले मूळ एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, उष्णता, प्रकाश आणि हवा यांनी बिघडते आणि पारदर्शक असलेले द्रव पिवळे, मग तपकिरी होत जाते. थंड प्रदेशात तीन महिने टिकलेली बाटली आमच्याकडे एप्रिलमध्ये टेबलावर ठेवली तर काही आठवड्यांतच रंग बदलते. पावसाळ्यात दुसरी तऱ्हा. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते, आणि ओले राहिलेले ब्रश त्याला अपवाद नसतात. मी ब्रश धुतल्यावर केस खाली करून टांगते, म्हणजे पाणी दांड्याच्या जोडात उतरत नाही. उभे करून वाळवलेल्या ब्रशचा गोंद सुटतो आणि आत काळे डाग धरतात. लिपस्टिक थेट नवरीच्या ओठांना न लावता पोलादी पट्टीवर खरवडून घ्यायची, मस्कराचा ब्रश एकदा वापरून टाकून द्यायचा, या गोष्टींना ग्राहक आधी नखरे म्हणत. एका लग्नघरात एकाच काजळाने पाच जणींचे डोळे रंगवलेले आणि तिसऱ्या दिवशी त्यांतल्या तिघींचे डोळे आलेले मी पाहिले आहे. त्यानंतर मी याबाबतीत कोणाची भीड ठेवलेली नाही.

सनस्क्रीनविषयी लिहिताना मी सर्वांत सावध असते. एसपीएफ ३० म्हणजे अतिनील-बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० म्हणजे सुमारे ९८ टक्के अडवले जातात, हे प्रयोगशाळेतले आकडे आहेत. ते मिळतात दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावल्यावर, आणि आपण रोज लावतो तो थर बहुधा त्याच्या निम्माही नसतो. डबीवर छापलेला एसपीएफ खरा आहे की नाही हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांनी मला कधीच कळणार नाही. म्हणून मी फक्त इतकेच लिहिते: सावळ्या वर्णावर पांढरट थर राहतो का, घामाबरोबर डोळ्यांत जाऊन चुरचुरते का, त्यावर पावडर बसते का, दोन तासांनी पुन्हा लावायला जमते का. वांगाचे डाग असलेल्या बायकांना मी रंगीत, म्हणजे लोहाची ऑक्साइडे असलेल्या सनस्क्रीनची माहिती देते, कारण तसे डाग दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि साधी पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. याच्या पुढे जाऊन 'ही सनस्क्रीन उत्तम संरक्षण देते' असे वाक्य मी लिहू शकत नाही. स्वतः सनस्क्रीन बनवण्याचा आग्रह मला कितीतरी जणींनी केला, परंतु जिचा मुख्य गुण मी मोजू शकत नाही ती वस्तू मी विकणार नाही.

गोरे करणाऱ्या मलमांबद्दल मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी पेडण्याची एक मुलगी लग्नाच्या महिनाभर आधी चाचणीच्या मेकअपला आली. गाल लालभडक, कातडी पातळ झालेली, खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या, आणि साधे पाणी लावले तरी आग होत होती. तिला कोणीतरी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून दिली होती आणि ती वर्षभर चेहऱ्याला लावत होती. ट्यूबवर बारीक अक्षरांत मोमेटासोन हे नाव होते, म्हणजे स्टेरॉइड. अशी मलमे काही त्वचाविकारांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांपुरती वापरायची असतात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडकही केले. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळ दिसतो, पुरळ दबते, म्हणून बायका ती सोडत नाहीत, आणि सोडली की सगळे दुपटीने उसळते. मी तिला मेकअप करायला नकार दिला आणि आम्ही दोघी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. लग्नाच्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर थोडी लाली होतीच. तिच्या सासूबाईंनी 'थोडे उजळ करा' म्हटले तेव्हा मी हात जोडले. नवरीला तिच्या वर्णापेक्षा दोन छटा उजळ करण्याचे काम मी घेत नाही, त्यामुळे दर हंगामात काही कामे जातात, आणि ती गेल्याचे मला वाईट वाटत नाही.

घटकसूची वाचायला मी ज्यांना ज्यांना शिकवले, त्यांतल्या बऱ्याच जणी पुढे माझ्या ग्राहक झाल्या. आपल्याकडील नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. एवढी एक गोष्ट कळली की डबीच्या दर्शनी भागावर केशराचे चित्र असूनही केशर फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे का लिहिले आहे, याचा अर्थ लागतो. ते प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे प्रसाधन सडू न देणारे रसायन, जास्तीत जास्त एक टक्का वापरतात. त्याच्या मागे असलेले केशर किती असेल हे वेगळे सांगायला नको. यात फसवणूक नेहमीच असते असे नाही, पण किंमत केशराची मोजायची की ग्लिसरीनची, हे ग्राहकाला ठरवता आले पाहिजे.

माझा स्वतःचा व्यवसाय कोकमतेलापासून सुरू झाला. आमच्या घरात त्याला भिरंडेल म्हणतात. आजी भिरंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेले तेल काढत असे आणि थंड होताना मुठीत दाबून त्याचे लंबगोल गोळे वळत असे. डिसेंबरमध्ये टाचांना भेगा पडल्या की पळीत गोळ्याचा तुकडा घेऊन चुलीवर धरायचा आणि कोमट तेल भेगांत भरायचे. खोबरेल तेल २४-२५ अंशांनाच वितळते, म्हणून आमच्याकडे ते वर्षातले बहुतेक दिवस पातळच असते आणि जानेवारीच्या पहाटेच काय ते बाटलीत थिजते. कोकमतेल मात्र ३८ ते ४० अंशांपर्यंत घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने हळूहळू विरघळते. ओठांसाठी याहून योग्य वस्तू मला शोधून सापडली नसती.

पाणी असलेले मलम किंवा क्रीम बनवायचे नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवले. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, दूध घालून घरी बनवलेली क्रीमे किती लवकर सडतात हे मी परीक्षणांच्या निमित्ताने पाहिले होते. जिथे पाणी आहे तिथे जंतू वाढतात, आणि ते वास किंवा रंग बदलायच्या आधीच वाढलेले असतात. 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' हे वाक्य मलमाच्या डबीवर छापून विकणाऱ्यांची मला काळजी वाटते. केवळ तेल, मेण आणि कोकमतेलासारखे घट्ट वनस्पतितेल यांचे मिश्रण असले तर तो धोका पुष्कळ कमी होतो; फक्त ओली बोटे डबीत घालू नयेत.

मग परवान्याचा विषय आला. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी कोणतेही सौंदर्यप्रसाधन बनवायला राज्याच्या परवाना अधिकाऱ्यांचा परवाना लागतो. गोव्यात हे काम बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे आहे. घरी साबण बनवून विकणाऱ्या अनेक मैत्रिणींना वाटते की साबण यात येत नाही. पूर्वी तो खरोखरच येत नव्हता. कायद्यातील व्याख्येतून साबणाला वगळणारे शब्द १९८२ च्या दुरुस्तीने काढून टाकले गेले, त्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली. राहत्या घराच्या स्वयंपाकघराला हा परवाना मिळत नाही. वेगळी जागा लागते, आणि देखरेखीसाठी निदान रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली किंवा औषधनिर्माणशास्त्राची पदविका असलेली पूर्णवेळ व्यक्ती लागते. माझी पदवी इथे उपयोगी पडली असती, पण जागेचे भाडे परवडणारे नव्हते. शेवटी मी लोन लायसन्सचा मार्ग धरला. त्यात दुसऱ्या परवानाधारक कारखान्याची जागा आणि यंत्रे वापरून आपले उत्पादन तिथे करून घेता येते, मात्र परवाना आपल्या नावाचा लागतो आणि जबाबदारीही आपलीच राहते. घरी मी फक्त प्रयोग करते, तेही माझ्या आणि माझ्या बहिणीच्या ओठांसाठी. एका जत्रेच्या फेरीत, म्हणजे तिथल्या बाजारात, घरच्याच शंभर डब्या विकून टाकाव्यात, परवान्याचे नंतर पाहू, असा सल्ला मला आपुलकीनेच दिला गेला होता. तो मी मानला नाही, कारण बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक नसलेली डबी परीक्षणाला आली तर मी तिचे झाकणही उघडत नाही, आणि माझ्या डबीला वेगळा न्याय लावायला मला कोणतेही कारण सापडले नाही.

खरी अडचण विक्री सुरू झाल्यानंतर आली. माझा लिपबाम बाजारात आल्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी आणखी एका लिपबामचे परीक्षण लिहिले. वहीतल्या सगळ्या नोंदी खऱ्या होत्या, एकही शब्द वाढवलेला नव्हता. तरी म्हापशाच्या एका वाचक काकींनी मला सरळ विचारले की, जिची स्वतःची डबी शेजारच्या फळीवर आहे तिने दुसरीच्या डबीला नावे ठेवली तर आम्ही ते कसे घ्यायचे. मी दोन दिवस त्यांच्यावर मनातून रागावले होते. तिसऱ्या दिवशी वही काढून पुन्हा वाचली आणि लक्षात आले की त्या लिपबामचा वास मी 'उग्र' असा नोंदवला होता, तर तोच घटक असलेल्या आधीच्या एका डबीला, माझा व्यवसाय नव्हता तेव्हा, 'ठसठशीत' असे म्हटले होते. खोटे मी लिहिले नव्हते, पण विशेषण बदलले होते. ते परीक्षण मी त्याच दिवशी मागे घेतले आणि काकींना फोन करून तसे कळवले.

तेव्हापासूनचा नियम असा की, ज्या प्रकारचे प्रसाधन मी विकते, त्या प्रकारच्या दुसऱ्या कोणाच्याही प्रसाधनाचे परीक्षण मी करत नाही, चांगलेही नाही आणि वाईटही नाही. लिपबाम, टाचांचे मलम आणि साबण हे तीन विषय त्यामुळे माझ्यापुरते बंद झाले. फाउंडेशन, काजळ, सनस्क्रीन, सीरम यांविषयी मी लिहिते, कारण त्यांत माझा काही विकण्याचा संबंध नाही आणि पुढे ठेवण्याचा विचारही नाही. प्रत्येक परीक्षणाच्या पहिल्या ओळीत मी प्रसाधनांचा व्यवसाय करते हे लिहिलेले असते, आणि वस्तू विकत घेतली की पाठवलेली आहे हेही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आणि ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या पुस्तिकेनुसार, फुकट मिळालेली वस्तू, सवलत, मालकी किंवा नातेसंबंध असा कोणताही हितसंबंध ठळकपणे सांगणे बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत बंदीही येऊ शकते. हे आकडे मी लहान व्यवसाय करणाऱ्या मैत्रिणींना मुद्दाम सांगते, कारण हे सगळे मोठ्या सिनेनट्यांसाठी आहे असे त्यांना वाटते.

याच ओघात माझ्या वहिनींनाही मला दुखवावे लागले. त्यांनी प्रेमाने माझ्या साबणाची भरभरून स्तुती लिहिली होती, पाच तारे दिले होते आणि आडनाव मात्र माहेरचे घातले होते. मी ती स्तुती काढायला सांगितली. "वहिनी, तुम्हांला खरोखर आवडला असेल, पण वाचणाऱ्या बाईला आपले नाते कळत नाही," एवढे समजावायला मला संध्याकाळ लागली. त्या चवथीपर्यंत माझ्याशी मोजकेच बोलल्या. नंतर त्यांनीच मला दाखवून दिले की तो साबण पावसाळ्यात साबणदाणीत लवकर मऊ पडतो. ती सूचना मला त्या पाच ताऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

आता पुन्हा त्या साखळीच्या डबीकडे येते. दाणे का बसले हे शोधायला मला दोन महिने लागले. कोकमतेलासारख्या स्निग्ध पदार्थांत वेगवेगळ्या तापमानाला गोठणारे अंश असतात. मिश्रण सावकाश थंड झाले, किंवा डिकीत वितळून रात्री पुन्हा हळूहळू थिजले, की जास्त तापमानाला गोठणारा अंश आधी वेगळा होतो आणि त्याचे स्फटिक वाढत जाऊन जिभेला, ओठांना रवाळ लागतात. वस्तू त्याने खराब होत नाही, पण हे ग्राहकाला आधी कोणी सांगितलेले नसते. कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञांशी बसून आम्ही मिश्रण पूर्ण पारदर्शक होईपर्यंत तापवणे आणि भरल्यावर झटपट थंड करणे हा बदल केला. त्याने नव्या डब्या गुळगुळीत झाल्या, पण डिकीतल्या उन्हाचा प्रश्न तसाच राहिला. मधमाशीचे मेण ६२ अंशांच्या पुढे वितळते, म्हणून त्याचे प्रमाण वाढवले की डबी उन्हात टिकते. फार वाढवले तर मात्र बाम ओठांवर सरकत नाही, ओढला जातो. चार टक्क्यांचा फरकसुद्धा बोटाला कळतो. ज्या उत्पादकाला मी 'निष्काळजी' म्हटले होते, त्याने ही सगळी ओढाताण केली असेल किंवा नसेलही, पण ती काय असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. लिपबामविषयी आता मी लिहीत नाही, तरी त्या जुन्या परीक्षणाखाली मी दुरुस्ती जोडली आहे, आणि तो शेरा न खोडता तसाच ठेवला आहे, म्हणजे मी काय लिहिले होते आणि का बदलले हे दिसत राहील.

मेणाच्या तीन वेगवेगळ्या प्रमाणांच्या प्रत्येकी चार डब्या मी शिगम्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवल्या आहेत. प्रत्येक प्रमाणातली एक कपाटात आहे, एक दक्षिणेकडच्या खिडकीत, एक फ्रिजमध्ये आणि एक माझ्या स्कूटरच्या डिकीत. परीक्षणाला आलेल्या वस्तूंसाठी असलेल्या त्याच वहीत त्यांचीही पाने आहेत आणि दर रविवारी दुपारी तीन वाजता तापमान लिहिले जाते. मेअखेरीस झाकणे उघडायची आहेत, तेव्हा साखळीच्या त्या ताईंना मी बोलावले आहे. डब्यांवर फक्त आकडे आहेत, कोणत्या डबीत किती मेण आहे हे त्यांना सांगणार नाही.